धुळीवरचा बर्फ आणि अतिनील किरण

रंगीत सदरा उन्हाळाभर दोरीवर वाळत राहिला, तर त्याचा रंग विटतो. हे काम प्रामुख्याने उन्हातल्या अतिनील किरणांचं. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण अंगी जोर मोठा! रंगाच्या रेणूतले बंध ते तोडून टाकतात. म्हणजे हे किरण नुसती मोडतोड करणारे, असंच तुम्ही म्हणाल. पण अवकाशात हेच किरण नवे पदार्थ घडवतातही, बरं का!

पावसाळा संपला, की गावाबाहेरच्या अंधारातून आकाशगंगा पाहा. हंस तारकासमूहापाशी तिच्या पट्ट्यात एक काळी फट दिसते. तिथे तारे नाहीत असं नाही. वायू आणि धूळ यांच्या ढगांनी मागचे तारे झाकलेले असतात.

या धुळीचा एक कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. दाट ढगाच्या पोटात थंडी किती? सुमारे उणे २६३ अंश सेल्सिअस! तिथे कार्बन मोनॉक्साइडसारखा वायूही कणाला भिडला, की थिजून चिकटतो. ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे अणू तर कणावरच एकत्र येतात आणि पाणी बनतं. असा कणावर बर्फाचा थर चढतो. त्यात अमोनिया, मिथेन, मिथेनॉलही असतं. जेम्स वेब दुर्बिणीने असे बर्फ एका काळोख्या ढगात टिपल्याचं २०२३ साली जाहीर झालं.

पण ताऱ्यांचा प्रकाश जिथे पोहोचत नाही, तिथे अतिनील किरण येणार कुठून? वेगवान विश्वकिरण ढगात आरपार घुसतात आणि हायड्रोजनच्या रेणूंवर आदळतात. मग ते रेणूच अतिनील प्रकाश सोडतात. हा प्रकाश अगदी मंद. पण ढगाजवळ लाखो वर्षांचा वेळ असतो!

आता बर्फात काय होतं? किरण रेणूंचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याचा एक हात मोकळा, कुणाला तरी धरायला आसुसलेला. पण इतक्या थंडीत बहुतेक तुकडे जागचे हलूच शकत नाहीत. जणू कुणी ‘स्टॅच्यू’ म्हटलंय! पुढे जवळपास नवा तारा जन्मला आणि ऊब आली, की ‘ओव्हर’! तुकडे सरकतात, एकमेकांचे हात धरतात आणि आधीपेक्षा मोठे रेणू तयार होतात.

ही नुसती कल्पना नाही. २००२ साली दोन गटांनी ती प्रयोगाने तपासली, एक युरोपातला आणि दुसरा अमेरिकेत ‘नासा’चा. त्यांनी निर्वात पात्रात अतिथंड पृष्ठभागावर असा बर्फ जमवला, त्यावर अतिनील दिवा लावला आणि मग सावकाश ऊब दिली. बर्फ उडून गेला, पण मागे थोडा साका उरला. त्यात अमिनो आम्लं सापडली! आपल्या शरीरातली प्रथिनं ज्यांची बनतात, त्यांतलीही काही त्यात होती. युरोपीय गटाला तर १६ प्रकार मिळाले.

इथे एक शंका यायलाच हवी. अमिनो आम्लं आपल्या बोटांवरही असतात. मग ती शास्त्रज्ञांच्याच हातून पडली नसतील कशावरून? म्हणून युरोपीय गटाने बर्फासाठी नेहमीपेक्षा जड असा कार्बन-१३ वापरला. साक्यातल्या आम्लांतही तोच जड कार्बन निघाला. म्हणजे माल बर्फातलाच, बोटांवरचा नव्हे!

बेन्नू लघुग्रहावरची माती २०२३ साली पृथ्वीवर आणली गेली. आपली प्रथिनं २० अमिनो आम्लांची बनतात, त्यांतली १४ त्या मातीत असल्याचं २०२५ साली जाहीर झालं. मात्र लघुग्रहाच्या पोटातल्या पाण्यातही ती बनू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय किरणांना देता येणार नाही. आणि अमिनो आम्लं म्हणजे जीव नव्हे, हेही विसरू नका. विटा मिळाल्या म्हणजे घर उभं राहिलं असं होतं का?

करून पाहा : रंगीत घोटीव कागदावर एक नाणं ठेवा आणि तो आठ-दहा दिवस कडक उन्हात राहू द्या. मग नाणं उचला. खालचा गोल आणि बाजूचा कागद यांत काय फरक दिसतो? का, तेही वहीत लिहा.