बारा घरांचा खेळ

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला परवा कसबा बावड्यात एका मैत्रिणीकडं जाणं झालं. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, कुणाच्या साडीचा काठ चांगला आणि कुणाचं मंगळसूत्र नवं हेही बघून झालं. तेवढ्यात तिची नववीतली लेक दारातून आत आली. घामाघूम झालेली, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली आणि काखेत भला मोठा चेंडू! इतक्या नटलेल्या बायका बघून पोरगी बावरली. मीच विचारलं, "काय खेळून आलीस गं?"

"बास्केटबॉल, काकू. मी गार्ड खेळतो," ती आपल्या कोल्हापुरी झोकात म्हणाली.

"गार्ड? म्हंजे रेल्वेचा व्हय गं?" कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या आणि सगळा घोळका खळखळून हसला. पोरगीही हसली. मग तिची आई म्हणाली, "खेळती चांगली ओ ताई, पण आता पुरं. फुडच्या वर्षी धाव्वी. मे म्हैन्यापासनं क्लास लावलाय, साडेपाच ते साडेसात. खेळ बंद."

पोरगी काही बोलली नाही. चेंडू तिनं दाराआड ठेवला आणि आमचे दुधाचे रिकामे पेले गोळा करायला लागली. मी निघाले तेव्हा चपला घालेपर्यंत ती दाराशी उभी होती. हळूच म्हणाली, "काकू, मी एकटीच न्हाई. आमच्यातल्या पाच जणी थांबणार हाईत. मग संघच ऱ्हात न्हाई."

मैत्रिणींनो, तेव्हापासून ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आधी हा गार्ड म्हणजे कोण, ते सांगते. बास्केटबॉलमध्ये एका वेळी एका बाजूच्या पाच जणी मैदानात असतात, बाकीच्या बदली खेळाडू धरून संघ बाराजणींचा. पाचांतल्या उंच मुली टोपलीजवळ, म्हणजे रिंगजवळ, उभ्या राहतात. रिंग जमिनीपासून १० फुटांवर, पुरुषांसाठी तेवढ्याच उंचीवर आणि बायकांसाठीही. गार्ड मात्र लांब राहते. चेंडू आपटत आपटत पुढे आणायचा तो तिनं. ८ सेकंदांच्या आत मधली रेघ ओलांडायची आणि २४ सेकंदांच्या आत संघाचा चेंडू रिंगकडं गेला पाहिजे. तेवढ्या वेळात कोण मोकळी आहे, कोण दमली आहे, समोरची कुठून अंगावर येणार, हे सगळं तिनं हेरायचं आणि चेंडू नेमक्या हातात द्यायचा. टाळ्या पडतात टोपलीत चेंडू टाकणारीला.

ओळखीचं वाटतंय ना? लग्नघरात अशी एक मावशी नाहीतर आत्या असतेच. पत्रिकेत तिचं नाव शोधावं लागतं, फोटोत ती सापडत नाही. पण पंगतीत कुठं भात कमी पडला, वरमाईचा चहा राहिला का, भटजींची दक्षिणा कुणाकडं आहे, सगळं तिला ठाऊक. ती नसली तर कार्य पार पडत नाही. गार्ड म्हणजे मैदानावरची ती मावशी! आणि तिला ताडमाड उंची असायलाच हवी असंही नाही. अमेरिकेतल्या बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये शॅनन बॉबिट नावाची गार्ड खेळली, तिची उंची होती ५ फूट २ इंच. आपल्याकडच्या कुठल्याही वर्गात पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या मुलीएवढी.

या खेळाचा इतिहास तर आपण बायकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं १८९१ मध्ये अमेरिकेत हा खेळ काढला. लगेच पुढच्या वर्षी सेंडा बेरन्सन या शिक्षिकेनं तो आपल्या कॉलेजातल्या मुलींना शिकवला. पण बायकांना एवढी धावपळ झेपणार कशी, असं तेव्हाचं मत. मग तिनं नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले आणि ज्या मुलीचा जो भाग, त्याबाहेर तिनं पाऊल टाकायचं नाही! १८९३ मध्ये मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत येऊ दिलं नव्हतं.

याचंच एक रूप आयोवा राज्यातल्या शाळांत थेट १९९३ पर्यंत चाललं. संघात सहा मुली, तीन फॉरवर्ड आणि तीन गार्ड. गार्डनं मधली रेघ ओलांडायची नाही. तिनं फक्त आपली बाजू राखायची. म्हणजे एखादी मुलगी शाळेची सगळी वर्षं जीव तोडून खेळली, तरी तिच्या नावावर एकही बास्केट नाही, कारण तिला टोपलीकडं चेंडू टाकायची मुभाच नव्हती. ऑलिंपिकमध्येही पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ ला आला आणि बायकांचा १९७६ ला. मध्ये ४० वर्षं! आज नियमांच्या पुस्तकात ती रेघ नाही. आज गार्ड सगळं मैदान पालथं घालते. पण आपल्या घराघरात ती रेघ अजून आहे, आणि ती बरोबर दहावीच्या वर्षावर आखलेली आहे.

आता त्या आजींच्या प्रश्नाकडं येते. "रेल्वेचा गार्ड का?" यावर आम्ही हसलो खरं, पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता! आपल्या देशात बायकांच्या बास्केटबॉलला आधार दिला तो मुख्यतः रेल्वेनंच. चेन्नईची अनिता पॉलदुराई ही गार्ड दक्षिण रेल्वेत नोकरीला होती. भारताच्या संघातून ती तब्बल दीड तप खेळली आणि कित्येक वर्षं कर्णधार होती. मधे लग्न झालं, मूल झालं. आता घरी बसेल असं लोकांना वाटलं असणार. पण बाळंतपणानंतर ती पुन्हा मैदानात उतरली, आणि २०१७ मध्ये बेंगळुरूला आशिया चषकाच्या दुसऱ्या गटाच्या अंतिम सामन्यात भारतानं कझाकस्तानला अवघ्या दोन गुणांनी हरवलं, त्या संघात ती होती. २०२१ मध्ये तिला पद्मश्री जाहीर झाली. त्याआधी २०१९ मध्ये वाराणसीची गार्ड प्रशांती सिंह हिला पद्मश्री मिळाली होती. तिच्या घरातल्या तर चौघी बहिणी, दिव्या, प्रशांती, आकांक्षा आणि प्रतिमा, भारताकडून खेळल्या. एका घरातून चार!

आणि हे सगळं लांबचंच आहे असं समजू नका. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा भारताच्या महिला संघाची कर्णधार होती आपल्या पुण्याची शिरीन लिमये. त्याच स्पर्धेत तीन विरुद्ध तीन खेळाडूंच्या प्रकारात भारताच्या चौघींमध्ये नागपूरची सिया देवधर होती. पुणे झालं, नागपूर झालं. मग बावडा का नको?

गार्डची कारकीर्द छोटी असते असंही नाही. इथं ताकदीपेक्षा नजर आणि डोकं जास्त लागतं, आणि ते वयानं वाढतं. अमेरिकेची सू बर्ड ही गार्ड २०२२ मध्ये निवृत्त झाली तेव्हा चाळिशी ओलांडली होती तिनं. गळ्यात ऑलिंपिकची पाच सुवर्णपदकं! अर्थात तिकडंही बायकांचं सगळं सुरळीत आहे असं समजू नये. स्कायलर डिगिन्स-स्मिथ ही तिकडची नावाजलेली गार्ड २०१८ चा सगळा हंगाम गरोदरपणात खेळली आणि ते तिनं लोकांना सांगितलं पुढच्या वर्षी. बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळण्याचा करार त्या लीगमध्ये झाला तो २०२० मध्ये. म्हणजे चूल-मूल आणि खेळ हा झगडा सगळीकडचाच. फरक एवढाच, की त्यांची गार्ड तिशीत झगडते आणि आपली पंधराव्या वर्षीच पेले गोळा करायला लागते.

मी हे कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. मीसुद्धा त्यातलीच. आमच्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ होता, आम्ही बाराजणी. नववीत जिल्ह्याला खेळून आलो होतो. दहावीत काय झालं? एकीला चष्मा लागला म्हणून थांबवलं. एकीची आई आजारी पडली, घरचं तिच्यावर आलं. दोघींना "आता मोठ्या झालात" एवढंच सांगितलं. एकीचं तर लग्नच ठरलं. आणि मला? मला कुणी नको म्हटलंच नाही. संघच उरला नाही, मग कुणाबरोबर खेळणार? आम्ही हरलो म्हणून तो संघ मोडला नाही, बरं का. घरोघरी एकेक जण उठून गेली आणि संघ विरून गेला. त्या पोरीचं वाक्य मला लागलं ते म्हणून.

खरं दुखणं इथंच आहे. आपल्या कोल्हापूरनं खेळातल्या पोरी दिल्या नाहीत असं कोण म्हणेल? तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीचं विश्वविजेतेपद मिळवलं. राही सरनोबतनं २०१८ मध्ये पालेंबांगला आशियाई सुवर्ण जिंकलं. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण नेमबाजी एकटीची असते. एकटीच्या खेळात एक पोरगी आणि तिच्या पाठीशी एक जिद्दी घर असलं, तर वाट निघते. बास्केटबॉल, कबड्डी, खो-खो यांचं तसं नाही. त्याला बारा पोरी लागतात, म्हणजे बारा घरं लागतात. गार्ड कितीही हुशार असली, तरी तिनं फेकलेला चेंडू झेलायला समोर कुणीतरी हवी ना! एका घरानं पोरीला थांबवलं, की ते एकट्या तिचं नुकसान राहत नाही. बाकीच्या अकराजणींचा खेळही ते घर थांबवतं. आपण "आमच्या पोरीचं आम्ही बघू" म्हणतो तेव्हा हे ध्यानातच येत नाही.

बरं, आईची काळजी खोटी आहे का? मुळीच नाही. जानेवारीत बावड्याच्या रस्त्यानं अंधार पडल्यावर एकदा चालून बघा. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक, मागं दिवा नाही, बाजूला जागा नाही. त्यातून पंधरा वर्षांची पोरगी सायकलवरनं येणार म्हटल्यावर कुठल्या आईचा जीव थाऱ्यावर राहील? शिवाय क्लासची फी भरलेली असते. गुडघ्याची भीती असते, आणि तीही खरी आहे. उड्या मारून वळण्याच्या खेळात मुलींच्या गुडघ्याचा आतला स्नायुबंध मुलांपेक्षा जास्त वेळा दुखावतो. त्यासाठी पायांचे व्यायाम आधीपासून शिकवावे लागतात. पोटात नीट अन्न जावं लागतं. पाळीच्या दिवसांबद्दल सरांशी बोलायचं कसं, हाही प्रश्न असतोच.

पण या एकाही अडचणीचं उत्तर "खेळ बंद" हे नाही. अंधाराला सोबत हे उत्तर आहे. आणि सोबतीची रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण भिशी चालवतोच की! बाराजणी, बारा महिने, दर महिन्याला एकीची पाळी. कुणाचा हप्ता चुकत नाही, चुकला तर आपणच तिच्या दारात जातो. मग पोरींची भिशी का लावू नये? बारा आया. रोज एकीनं संध्याकाळी मैदानावर तासभर बसायचं, भाजी निवडायची असली तर तीही घेऊन जायची, आणि खेळ संपला की पोरींना घोळक्यानं घरी आणायचं. एकीची पाळी बारा दिवसांतून एकदा! एवढं जमणार नाही? सगळ्या आया मिळून शिकवणीच्या सरांकडं गेल्या, तर क्लासची वेळ सकाळची होणार नाही? एकटीचं ऐकत नाहीत हो, बाराजणींचं ऐकतात.

आणि "खेळून पोट भरतंय का?" याचंही उत्तर देऊन टाकते. प्रत्येकीला पद्मश्री मिळत नाही, हे खरं. पण राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. रेल्वेत आणि पोलिसांत खेळाडूंची भरती होते. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढं शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शिक्षिका होता येतं, प्रशिक्षक होता येतं, पंच होता येतं. शाळेशाळेत खेळाच्या 'बाई' वाढल्या, तर तो पाळीचा प्रश्नही आपसूक सुटेल, नाही का? यातलं काहीही मिळवायचं तर त्या पोरीला दहावीच्या पुढं खेळावं लागेल, एवढीच काय ती अट.

हेच बावडा आहे, जिथं लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये १८७४ मध्ये शाहू महाराजांचा जन्म झाला. १९१७ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापांना दंड ठेवला. कुस्तीसाठी खासबागेचं मैदान बांधलं तेही त्यांनीच. शाळेसाठी राजानं कायदा केला. पोरींच्या खेळासाठी तसा कायदा कुणी करणार नाही. तो आपला आपणच करायचा आहे, आपल्या घरात.

काल मैत्रिणीला फोन केला. भिशीची कल्पना सांगितली. पलीकडं जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "बघती ताई. बाकीच्या चौघींच्या आयांस्नी इचारती आधी. पर पहिली पाळी माझीच लावायला लागंल म्हणा की!"

आता चार घरांचं उत्तर यायचं आहे. तुमच्या गल्लीतही अशी चार घरं असतील, मैत्रिणींनो. त्यातलं एखादं कदाचित तुमचंच असेल.