सोलापूरच्या किल्ल्यात ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग? अशी चर्चा कानावर आली तर आधी हे तपासा

ऐतिहासिक सिनेमाची घोषणा झाली की 'आपल्याकडे शूटिंग आहे म्हणे' ही चर्चा गावोगावी रंगते. सोलापूरकरांकडे तर सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट किल्लाच आहे. मग तिथे शूटिंग होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण सहज नाही. हा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५९ च्या नियमांनुसार अशा वास्तूत कलाकार घेऊन चित्रीकरण करायला आधी परवाना लागतो. छताखालच्या भागात चित्रीकरण करता येत नाही आणि वास्तूला धोका होईल असं काहीच चालत नाही. आता लढाईचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा: घोडे, मशाली, धूर, शेकडो माणसं!

म्हणूनच निर्माते बहुतेकदा सेट उभारतात. 'पानिपत'साठी (२०१९) शनिवारवाडा उभा राहिला तो पुण्यात नाही, कर्जतच्या एन. डी. स्टुडिओत.

याचा अर्थ जिल्ह्यात कॅमेरा येतच नाही, असा नाही. 'सैराट'चं (२०१६) शूटिंग करमाळा परिसरात झालं. पण ती आजची गोष्ट होती. तिथे विजेचे खांब आणि मोबाइल टॉवर लपवावे लागत नाहीत.

त्यामुळे पोस्ट पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी बघा: निर्मात्याच्या अधिकृत अकाउंटवर घोषणा आहे का? परवान्याबद्दल पुरातत्त्व खातं किंवा प्रशासन काही सांगतंय का?

आणि 'मावळ्याचा रोल देतो, आधी फी भरा' असा मेसेज आला, तर पैसे अजिबात पाठवू नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही.