विश्लेषण : नसबंदी म्हटले की पुरुष मागे का सरतात?

बिनटाका पुरुष नसबंदी तेवढीच जागा बधिर करून काही मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावे लागते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के.

‘ताकद जाते’ हे नेहमीचे कारण. ते खोटे आहे. यात फक्त शुक्रवाहिनी बंद होते. संप्रेरके, कामेच्छा तशीच राहतात. आणीबाणीतल्या सक्तीची धास्ती खरी होती, पण त्यालाही आता पन्नास वर्षे होत आली.

मग अडते कुठे? ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांच्या मांडणीत पुरुषत्व एकच नसते, त्याची उतरंड असते. वरच्या पायरीवरचे ‘वर्चस्ववादी’ पुरुषत्व फार थोड्यांना जमते. बहुसंख्य पुरुष त्यात नुसते ‘सामील’ असतात. ते हात उगारत नाहीत, आवाज चढवत नाहीत. व्यवस्थेचा लाभ मात्र निमूट घेतात. ‘तूच करून घे ना’ म्हणणारा समंजस नवरा नेमका इथे बसतो. (आणि ‘कमावत्याला काही झाले तर?’ म्हणणारी त्याची आईही.)

दुसऱ्या बाळंतपणानंतर ‘ऑपरेशन करायचे का?’ हे बहुधा खाटेवरच्या बाईलाच विचारले जाते. त्याच वेळी नवऱ्याला आत बोलावून दोन्ही पर्याय समोर ठेवले, तर निदान नकार तरी त्याला स्वतःच्या तोंडाने द्यावा लागेल.