निकाह आपला, कायदा सगळ्यांचा

समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली तर आपल्या निकाहचं काय होणार, असं मांजरीतल्या एका मित्राने मला विचारलं. काहीच होणार नाही. मागणी आहे ती १९५४च्या विशेष विवाह कायद्यात बदल करण्याची. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२मध्ये लोकसभेत मांडलेलं खासगी विधेयकही त्याच कायद्याबद्दल होतं. काझी, मेहर, निकाहनामा यांना कुणी हात लावत नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी मान्यता द्यायला नकार दिला आणि प्रश्न संसदेकडे सोपवला. मी सॉफ्टवेअर लिहितो. फॉर्ममधला ‘पती/पत्नी’ रकाना बदलायला पाच मिनिटं पुरतात. पण वीस वर्षं सोबत राहिलेला जोडीदार मृत्युपत्र न करता गेला, तर मागे राहिलेला कायद्याने वारस ठरत नाही. तो रकाना संसद बदलू शकते.

हे नातं धर्माला मान्य नाही, असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण आपलं खाणं, आपला पोशाख बहुसंख्यांना पटत नाही म्हणून आपले हक्क कमी करू नका, असं आपण रोज म्हणतो. मग तीच फूटपट्टी इथेही लावायला हवी.