उंदराच्या पाठीवर माणसाची कातडी

परवा विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभागाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी विशीतली एक मुलगी. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या, वर ओढणी. तिच्या आईने माझ्या कोपरावरचे चट्टे पाहिले आणि हळूच विचारले, "काका, ह्यो रोग शिवल्यानं व्हतो का हो?"

सोरायसिस माझा तीस वर्षांचा सोबती. बँकेत कॅश काउंटरवर होतो, तेव्हा एका गृहस्थांनी मी मोजलेल्या नोटा रुमालात घेतल्या होत्या. लवकरच साहेबांनी 'तुमच्या तब्येतीसाठी' म्हणून मला आतल्या खोलीत खतावणीवर बसवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. म्हणूनच की काय, तो सल अजून गेलेला नाही.

"नाही होत," मी म्हणालो.

"कशावरून?"

प्रश्न रास्त होता. हा रोग संसर्गाचा नाही हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण तो सुरू कोण करते, कातडी की रक्तातले रक्षक, यावर त्यांच्यातच वाद होता. तो पाहायचा कुठे? उंदराला आपणहून सोरायसिस होत नाही. त्याची कातडी पातळ आणि केसाळ, आपल्यापेक्षा अगदी वेगळी.

वाट निघाली ती एका दुबळ्या उंदरामुळे. १९८३ साली अमेरिकेत मेल्व्हिन आणि गेल बॉस्मा या दांपत्याने जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांची माहिती प्रसिद्ध केली. परके काही लावले तरी असा उंदीर ते झिडकारत नाही. मग संशोधकांनी सोरायसिसच्या रुग्णांची, पण वरून निरोगी दिसणारी कातडी त्याच्या पाठीवर रुजवली आणि तिच्यात त्याच रुग्णाच्या रक्तातल्या, चेतवलेल्या रक्षक पेशी टोचल्या. चट्टे उमटले! हे १९९६ सालचे. बाहेरचा जंतू नाही, कुणाचा स्पर्श नाही; घरचाच पहारेकरी घरच्यांवर काठी उगारतो.

अलीकडे कातडीबरोबर माणसाच्या रक्षक पेशीही उंदरात रुजवतात. त्याचे कारण व्यवहारी आहे. आजची महागडी इंजेक्शने माणसाच्याच एखाद्या रेणूवर नेम धरतात. साध्या उंदरात तो रेणू थोडा वेगळा असतो, म्हणून नेम चुकू शकतो. तरीही तळहातापेक्षा लहान तुकडा म्हणजे अख्खा माणूस नव्हे. काळजी, जागरण, रुमालात घेतलेल्या नोटा त्या पिंजऱ्यात कुठून येणार?

हे प्रयोग बंदच करा म्हणणारे मला भेटतात. मला ते पटत नाही. २०२३ साली आपल्या सरकारने औषधचाचणीच्या नियमांत प्राण्यांऐवजी दुसऱ्या पद्धतींना वाट करून दिली, ते चांगलेच झाले. त्या पद्धती खरोखर तयार होतील तिथे उंदीर सोडावा. तोवर वापरावा, पण जपून आणि हिशेब ठेवून. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एवढा जीव खर्ची घालून निघालेले इंजेक्शन या बाकावरच्या बहुतेकांना परवडत नाही. सरकारी दवाखान्यात ते मिळायला हवे, ही मागणी उंदरांच्या वतीनेही करता येईल.

हे सारे मी मायलेकींना जमेल तसे सांगितले. आई मान डोलावत होती. मुलगी इतका वेळ गप्प होती, तिने विचारले, "मग त्या उंदराचं पुढं काय करतात, काका?"

"मारतात. कातडी काढून तपासायची असते."

ती काही बोलली नाही. तेवढ्यात तिचा नंबर पुकारला गेला.