मिस्त्री म्हणे आपोआप घडतो!

‘मिस्त्री काय आयटीआयमध्ये घडतो? तो साइटवरच घडतो!’ पवनीपासून तुमसरपर्यंत कुठल्याही पानठेल्यावर हा निकाल ऐकायला मिळतो. देणारे बहुधा पोराला बी.ए.ला घालून मोकळे झालेले असतात.

थापीला हात बसतो तो कामावरच, हे कबूल. आयटीआयत सकाळी बांधलेली भिंत दुपारी पाडतात आणि त्याच विटा उद्या पुन्हा रचतात, याचीही चेष्टा होते. पण चूक करायची तर ती पाडता येणाऱ्या भिंतीत केलेली बरी. घरमालकाच्या भिंतीतली चूक तिथेच राहते. शिवाय साइटवर ‘असं कर’ एवढंच सांगतात, ‘का’ विचारलं की ठेकेदार डाफरतो. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी पुरतं. तरी माल सैल पडावा म्हणून आणखी एक बादली ओततात. माल भराभर पसरतो, स्लॅब मात्र कमजोर होतो. पुढे छत गळलं की शिव्या सिमेंट कंपनीला! स्लॅब निदान सात दिवस ओला ठेवायचा, भंडाऱ्याच्या मे महिन्यात तर त्याहून जास्त. हे वर्गात फळ्यावर शिकवतात.

मिस्त्री आपोआप घडत असते, तर २०१६ साली ग्रामीण घरकुल योजना आणताना केंद्र सरकारला गावातल्या गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण कशाला ठेवावं लागलं असतं?

‘पण नोकरी कुठाय?’ महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनच लागतो. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे. गवंडी ट्रेड आठवी पासवर, एका वर्षाचा. त्यातून सरकारी नोकरी सहसा मिळत नाही आणि मजुरांच्या ठिय्यावर कोणी प्रमाणपत्रही विचारत नाही, हे खरं. पण नकाशा वाचून, मालाचा हिशेब करून स्वतः काम घेणारा माणूस ठिय्यावर कशाला उभा राहील? गोसीखुर्द धरणाने पवनी तालुक्यातली गावं उठवली आणि पुनर्वसनाच्या वस्त्या नव्याने बांधाव्या लागल्या. या जिल्ह्यात बांधकाम नाही, असं तरी कोणी म्हणू नये.

‘साइटच शिकवते’ म्हणणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे. रेजाला ती का शिकवत नाही? वीस-वीस वर्षं घमेलं वाहणाऱ्या बाईच्या हाती थापी येत नाही. तिच्यासोबत कामाला लागलेला पोरगा मात्र दोन-तीन वर्षांत मिस्त्री होतो. साइटवर विद्या पुरुषाकडून पुरुषाकडेच जाते. आयटीआयच्या प्रवेशात मुलींसाठी राखीव जागा आहेत, गवंडी ट्रेडलाही. लाखांदूर-साकोलीच्या आईबापांनो, यंदा मुलीचा अर्ज भरताना तो ट्रेड शेवटच्या पसंतीला ढकलू नका.