सिल्लोडचा मका माशांच्या ताटात, पण सोयाबीनचं काय?

दिवाळीच्या आसपास सिल्लोडच्या बाजारात मक्याचे ढीग लागतात. हा मका कोंबडीखाद्यात आणि स्टार्च कारखान्यांत जातो, हे जुनंच. आता इथेनॉलवाले हे मोठं गिऱ्हाईक आलंय. त्यांच्याकडे उरलेला चोथा थेट शेततळ्यातल्या माशांपर्यंत पोहोचतोय.

शेततळ्यात रोहू, कटला वाढवायचे तर भाताचा कोंडा आणि भुईमूग पेंड ही जुनी पद्धत. पंगस, तिलापियाला तयार तरंगतं खाद्य लागतं. मत्स्यशेतीच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा खाद्याचा, आणि खाद्यात महाग असतात ती प्रथिनं. ती येतात सोयापेंडीतून किंवा फिशमीलमधून, म्हणजे तारलीसारखे छोटे मासे वाळवून केलेल्या भुकटीतून. पण मासे वाढवायला समुद्रातले मासेच संपवायचे, हे किती दिवस चालणार?

म्हणून पर्यायांचा शोध सुरू आहे. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. पण पोत्यांनी आणि स्वस्तात मिळतो तो मक्याचा चोथा, ज्याला बाजारात 'डीडीजीएस' म्हणतात.

मक्यातला स्टार्च आंबवला की इथेनॉल बनतं. प्रथिनं, तेल, तंतू मागे राहतात. एक टन मक्यातून साधारण ३०० किलो चोथा निघतो आणि मक्यातली ८-९ टक्के प्रथिनं त्यात २७-३० टक्क्यांपर्यंत जातात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली, कारखाने मक्याकडे वळले आणि चोथाही वाढला.

मग अडचण कुठे आहे?

हा चोथा सोयापेंडीची जागा घेतो. कोंबडीखाद्यात तर जास्तच. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात भाव त्याखाली गेले. खाद्यतेलाची आयात, जगभरातलं मोठं पीक ही कारणं आहेतच, पण पेंडीची मागणी चोथ्याने खाल्ली, ही सोयापेंड उद्योगाची तक्रार खोटी नाही. मका विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळालं, त्याच मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याचं गेलं. अनेकदा तर दोघं एकाच घरातले.

माशांच्या बाजूनेही हिशेब सरळ नाही. चोथ्यात लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी असतं, त्यामुळे तो सोयापेंडीच्या जागी किलोला किलो टाकून चालत नाही. दुसरा धोका बुरशीचा. मक्यात अफ्लाटॉक्सिन असेल तर स्टार्च निघून गेल्यावर चोथ्यात त्याचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं. माशाच्या यकृतावर त्याचा परिणाम होतो, वाढ खुंटते, आणि तळेवाल्याला वाटतं बीजच खराब निघालं. पोत्यावर प्रथिनांचा आकडा ठळक असतो. अफ्लाटॉक्सिनचा तपासणी अहवाल मात्र मागून घ्यावा लागतो.

ही बुरशी कारखान्यात जन्मत नाही. ऑक्टोबरच्या पावसात कणसं भिजतात, खळ्यावर जागा नसते, ड्रायर परवडत नाही, आणि ओलाव्यापोटी व्यापारी भाव कापतो म्हणून मका तसाच ताडपत्रीखाली झाकून ठेवला जातो.